अंतराळातली माणसं आणि यंत्रं: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांची विज्ञान प्रदर्शनं, आकाशदर्शनाचे कार्यक्रम, चांद्रयानाचे देखावे उभारणारी गणेश मंडळं अशा ठिकाणी जे प्रश्न पुन्हापुन्हा निघतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आधी आपल्याच गच्चीवरून बघता-ऐकता येईल ते, मग चंद्र, मंगळ आणि पुढचं. "माणूस पाठवायचा की यंत्र" हा वाद बहुतेक प्रश्नांच्या तळाशी असतो. तो वजन, वीज, उष्णता आणि संदेशाला लागणारा वेळ या चार हिशोबांवर मिटतो.

अंतराळ स्थानक आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी दिसतं का?

दिसतं, आणि चांगल्या फेरीत जवळजवळ शुक्राइतकं झळझळीत दिसतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४२० किमी उंचीवरून ताशी २७,६०० किमीच्या आसपास वेगाने जातं. पृथ्वीची एक फेरी साधारण ९३ मिनिटांत पूर्ण होते. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली असल्यामुळे २१ अंश अक्षांशावरचा खानदेश त्याच्या वाटेत वारंवार येतो.

मात्र ते दिसायला दोन अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. आपल्याकडे अंधार हवा आणि वर स्थानकावर ऊन हवं. म्हणून सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयाआधीचा साधारण दीड तास कामाचा. मध्यरात्री ते डोक्यावरून गेलं तरी बहुधा दिसत नाही.

'स्पॉट द स्टेशन' या ॲपवर किंवा 'हेवन्स अबव्ह' या संकेतस्थळावर आपलं गाव निवडा. क्षितिजापासून ४० अंशांपेक्षा वर जाणारी फेरी घ्या, त्याखालची फेरी धुळीत आणि झाडांत हरवते. स्थानक वायव्येकडून किंवा नैर्ऋत्येकडून उगवतं, पूर्वेच्या अंगाला मावळतं आणि सगळा खेळ पाच-सहा मिनिटांत आटोपतो. लुकलुकणारा, लाल-हिरवे दिवे असलेला ठिपका विमानाचा. स्थानकाचा प्रकाश स्थिर असतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत ढग नसतात, पण पश्चिमेला धुळीचा थर असतो. पावसाळ्यात नशिबावर सोडा.

स्थानक मध्येच विझलं. बिघडलं का?

नाही. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. विझण्याआधी काही सेकंद तांबूस होतं, तेही बघण्यासारखं असतं.

जळगावची वेळ नंदुरबारला चालेल का? नागपूर-पुण्याची?

जळगाव-नंदुरबार सरळ अंतर सुमारे १४० किमी आहे. नंदुरबारला बरोबर डोक्यावरून जाणारं स्थानक जळगावहून साधारण ७० अंशांवर दिसेल, म्हणजे चालेल. जळगावच्या डोक्यावरची फेरी पुण्याहून ५० अंशांच्या आसपास दिसते. नागपूरची गोष्ट वेगळी. नंदुरबारला सूर्य नागपूरपेक्षा जवळपास २० मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे नागपुरात काळोखात दिसणारी संध्याकाळची फेरी नंदुरबारला उजेडात बुडू शकते. एकच यादी सगळ्या गटांवर फिरवण्यापेक्षा आपापलं गाव टाकून वेळ काढा.

फोटो कसा काढायचा?

तिपाई, हाताने फोकस (आधी एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर जुळवून), आयएसओ ४००, छिद्र (ॲपर्चर) एफ/४ आणि २० ते ३० सेकंदांचं एक्स्पोजर. स्थानकाची रेघ येते. शहरात दिव्यांमुळे आकाश पांढरं पडतं, तिथे १० सेकंदांचे लागोपाठ फोटो घेऊन नंतर जोडा. मोबाईलमध्ये प्रो मोड लागतो. नाइट मोड वापरला तर सॉफ्टवेअर हलता ठिपका 'चूक' समजून पुसून टाकतं.

स्थानकावरची चित्रं रेडिओवर पकडता येतात म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि शाळेसाठी यापेक्षा स्वस्त अंतराळ-प्रयोग शोधून सापडणार नाही. स्थानकावरचं हौशी रेडिओ केंद्र अधूनमधून काही दिवस १४५.८०० मेगाहर्ट्झवर 'स्लो स्कॅन' (आवाजाच्या रूपात, सावकाश पाठवलेली) चित्रं सोडतं. तारखा आधी जाहीर होतात. बहुतेक वेळा पीडी-१२० ही पद्धत असते आणि एका चित्राला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे एका फेरीत दोन चित्रं पूर्ण मिळाली तर भरून पावलो म्हणायचं.

लागतं काय? लॅपटॉपला जोडायचा एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी संगणकात घेणारं छोटं उपकरण), थोडी कोॲक्स केबल आणि घरी केलेला अँटेना. ॲल्युमिनियमची नळी किंवा जाड तांब्याची तार घेऊन प्रत्येकी ४९ सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा. एक केबलच्या मधल्या तारेला, दुसरा जाळीला जोडा. दोन्ही आडवे ठेवा, त्यांच्यात १२० अंशांचा कोन ठेवा आणि अँटेना गच्चीवर मोकळ्या जागी बसवा. ४९ सेंटीमीटर का, तर या लहरीची लांबी सुमारे २.०६ मीटर आहे. तिचा चौथा भाग ५१ सेंटीमीटर होतो, आणि धातूत लहर थोडी हळू चालते म्हणून पाच टक्के वजा.

आता कुठे बिनसतं ते. पहिलं, स्क्वेल्च (गोंगाट दाबणारी सोय) चालू राहतो आणि कमकुवत सिग्नल कापला जातो. तो पूर्ण बंद करा. दुसरं, डॉप्लर. स्थानक आपल्याकडे येताना वारंवारता साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकते आणि जाताना तेवढीच खाली. उगवताना १४५.८०३, डोक्यावर १४५.८००, मावळताना १४५.७९७ असं सरकवत राहा. नाहीतर चित्राच्या कडेला बर्फासारखे ठिपके येतात. तिसरं, गोंगाट. स्वस्त एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, सोलर पंपाचा कंट्रोलर हे सगळे या पट्ट्यात कचरा टाकतात. शेतातल्या घरी ऐकत असाल तर पाच मिनिटं मेन स्विच पाडा, फरक लगेच कळेल. आवाजावरून चित्र काढायला मोबाईलवर 'रोबोट-३६' हे ॲप पुरतं.

ऐकण्यासाठी प्रक्षेपणाचं बटणच नसलेलं यंत्र वापरा. वॉकीटॉकीवरून उत्तर द्यायचा मोह आवरा. त्याला केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग विभागाचा हॅम (हौशी रेडिओ) परवाना लागतो, आणि तो परीक्षा देऊन मिळतो.

काळोखं आकाश कुठे मिळेल?

तोरणमाळचं पठार पहिल्या क्रमांकावर. हजार मीटरांहून उंच असल्यामुळे खालची धूळही तिथे कमी पोचते. रावेरकडचं पाल आणि सातपुड्याच्या पायथ्याची गावं चांगली. चाळीसगावजवळची पाटणादेवी सुंदर आहे, पण ती अभयारण्यात येते, रात्री थांबायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा. नुसतं अंतराळ स्थानक बघायला मात्र एवढं दूर जायची गरज नाही, जळगाव शहरातल्या गच्चीवरूनही ते दिसतं.

पाटणादेवीचा आणि अवकाशाचा काय संबंध? भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला होता ना?

पाटणच्या देवळातल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये देणग्या मिळाल्या, असं त्यावरून कळतं. ग्रहगणित शिकवणारी इतकी जुनी संस्था खानदेशात होती, हे पुरेसं मोठं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असं स्पष्ट लिहिलं. पण अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, हा नियम त्यात नाही, आणि यानाची कक्षा त्या नियमाशिवाय काढता येत नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर ही रेघ पुसतो.

अंतराळ स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात का?

४०० किमीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असतं. स्थानक आणि त्यातली माणसं एकत्र खाली पडत असतात, आणि आडवा वेग इतका असतो की जमीन तितकीच खाली वळत जाते.

आकाशात दिव्यांची रांग चालत गेली. ते काय होतं?

बहुधा स्टारलिंकचे उपग्रह. सोडल्यानंतर पहिले काही दिवस ते एकामागोमाग एक, सरळ रेषेत दिसतात. नंतर वर चढतात आणि पांगतात. ते गुपचूप, एकसारख्या वेगाने जातात.

रेघा ओढत, तुटत, नारिंगी होत जाणारं काही दिसलं तर तो बहुधा परत येणारा रॉकेटचा भाग असतो. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या आकाशात असंच दिसलं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी पडली. असा तुकडा शेतात सापडला तर हात लावू नका, ट्रॅक्टरला बांधून ओढू नका, भंगारात तर अजिबात नको. टाकीत हायड्राझीनसारखं विषारी इंधन राहिलेलं असू शकतं. लांबून फोटो काढा, पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवा आणि गुरं दुसऱ्या बांधाला हलवा.

अपोलो चार दिवसांत चंद्रावर उतरलं, चांद्रयान-३ ला चाळीस दिवस का?

रॉकेटच्या ताकदीमुळे. अपोलो-११ नेणारं सॅटर्न-५ उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचं होतं, आपलं एलव्हीएम-३ ६४० टनांचं. सॅटर्नने यानाला थेट चंद्राच्या वाटेवर ढकललं. चांद्रयान-३ चं वजन सुमारे ३,९०० किलो होतं, आणि एलव्हीएम-३ ला तेवढं फक्त पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेपर्यंतच नेता येतं.

पुढचं काम यानाच्या स्वतःच्या इंजिनाने केलं. पृथ्वीच्या सर्वात जवळ, म्हणजे वेग सर्वाधिक असताना इंजिन चालवलं की त्याच इंधनातून जास्त ऊर्जा मिळते. त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी थोडं थोडं इंजिन चालवून कक्षेचं दुसरं टोक लांबवत नेलं. १४ जुलै २०२३ ला उड्डाण, २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरणं. यंत्राला चाळीस दिवस जेवण लागत नाही, म्हणून हा मार्ग परवडतो. यानात माणसं असती तर त्यांच्या चाळीस दिवसांच्या हवा-पाण्याच्या वजनाने रॉकेटच पुन्हा मोठं करावं लागलं असतं.

चांद्रयान-२ नेमकं कशाने पडलं आणि ३ मध्ये काय बदललं?

७ सप्टेंबर २०१९ ला 'विक्रम' लँडरच्या, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या, पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला. मधल्या टप्प्यात यान स्थिर ठेवून कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे होते, त्यामुळे ही चूक लगेच सुधारता आली नाही, साठत गेली. नंतर ती एकदम सुधारायची वेळ आली तेव्हा यानाने किती वेगाने वळावं यावर सॉफ्टवेअरची मर्यादा आडवी आली. त्यात उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. तिथेच पोचायचं म्हणून यान वेग वाढवत राहिलं.

तिसऱ्या वेळी मधलं पाचवं इंजिन काढलं. उतरायची जागा ४ किमी बाय २.४ किमी केली. इंधन वाढवलं, लेझरने वेग मोजणारं उपकरण बसवलं, सौर पट्ट्या वाढवल्या. पाय सेकंदाला २ ऐवजी ३ मीटर वेगाचा दणका सोसतील असे केले. काय काय चुकू शकतं याची यादी करून त्या प्रत्येक चुकीतून यान वाचलं पाहिजे, असं उलटं गणित मांडलं. देखाव्यात लँडर करणाऱ्यांसाठी: चांद्रयान-३ ला इंजिनं चारच दाखवा.

प्रज्ञान रोव्हर परत का उठला नाही?

थंडीमुळे. चंद्राचा दिवस पृथ्वीच्या साधारण १४ दिवसांइतका, रात्रही तेवढीच. 'विक्रम'मधून उतरलेली २६ किलोची ही चाकांची गाडी ५० वॅट सौर विजेवर चालत होती. सूर्य मावळला की वीज शून्य, आणि तापमान उणे १२० अंशांच्याही खाली. अशा थंडीत बॅटरीतलं रसायन गोठतं, आणि वेगवेगळे धातू कमी-जास्त आकसल्याने सर्किटवरचे टाके तडकतात. मोहीम मुळात एका चांद्रदिवसासाठीच आखली होती आणि तेवढ्यात रोव्हर १०० मीटरांहून जास्त चालला.

यावर उपाय जुना आहे. १९७० च्या सोव्हिएत 'लुनोखोद-१' मध्ये पोलोनियमचा किरणोत्सारी तुकडा ऊब देत होता, म्हणून तो दहा महिने टिकला. पण असा हीटर आणि उष्णता धरून ठेवणारी पेटी यांचं वजन वाढतं, आणि लहान लँडरमध्ये प्रत्येक किलो कोणत्या तरी उपकरणाच्या जागेवर बसतो.

भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशांत मोबाईल बंद पडतो, मग चंद्रावर यंत्रं कशी चालतात?

आपल्याकडे निदान वारा असतो. मोबाईल सावलीत नेला की हवा त्याची उष्णता काढून घेते. निर्वातात ती सोय नाही. यंत्राची उष्णता किरणांनीच बाहेर टाकावी लागते. म्हणून यानांवर सोनेरी-चंदेरी थरांची पांघरुणं असतात, ऊन परतवायला, आणि सावलीकडच्या बाजूला रेडिएटर. अंतराळ स्थानकावर हे काम अमोनिया फिरवणारे मोठे पत्रे करतात.

'विक्रम'वरच्या चास्टे उपकरणाने जमिनीत तापमापक खुपसला. वर सुमारे ५० अंश आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १० होतं. चंद्रावरच्या धुळीच्या कणांत हवा आणि ओलावा नाही, त्यामुळे उष्णता खाली झिरपतच नाही. पुढे चंद्रावर माणसं राहिली तर घरावर मातीचा थर टाकायचा विचार यासाठीच आहे. तो थर किरणोत्सारही अडवतो.

आपली काळी माती चंद्राच्या मातीसारखी आहे का?

थोडीशी, आणि चंद्राच्या एकाच भागासारखी. खानदेशाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच, पण बहुतेक ३०० कोटी वर्षांहून जुने. चांद्रयान-३ उतरलं तो दक्षिणेकडचा उंच प्रदेश मात्र पांढुरक्या ॲनॉर्थोसाइट खडकाचा. प्रज्ञानच्या मोजमापांनीही तेच दाखवलं. म्हणून रोव्हरच्या सरावासाठी इस्रोने तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट दळून कृत्रिम चंद्रमाती केली. शाळेच्या देखाव्यात कपाशीच्या रानातली माती पसरली तर ती चंद्राच्या काळ्या मैदानांची समजा, चांद्रयान-३ उतरलं त्या शिवशक्ती बिंदूची नाही.

दुर्बिणीतून अमेरिकेचा झेंडा दिसेल का?

नाही. आठ इंची दुर्बिणीतून चंद्रावर साधारण एक किलोमीटरपर्यंतचा तपशील दिसतो, हबलमधूनही ९० मीटरच्या आसपास. अपोलोचा मागे राहिलेला भाग पाय धरून नऊ-दहा मीटर. चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने मात्र त्या जागांचे फोटो घेतले आहेत, त्यांत पावलांच्या वाटाही दिसतात.

मग माणूस बरा की यंत्र?

चंद्रापुरतं बोलायचं तर काम माणसाने झटपट केलं. अपोलो-१७ च्या दोघांनी तीन दिवसांत गाडीने सुमारे ३६ किमी अंतर कापलं. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला ४५ किमीसाठी चौदा वर्षं लागली. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगड-माती आणली. सोव्हिएत यंत्रांनी तीन मोहिमांत मिळून अर्धा किलोही नाही, चीनच्या चांग-ए-६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूकडून सुमारे १.९ किलो. पायाखालची नारिंगी माती बघून तिथल्या तिथे खड्डा खणायचं भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांनी ठरवलं, ते रोव्हरला करायला बेंगळुरूच्या किंवा अमेरिकेतल्या पॅसाडेनाच्या नियंत्रण केंद्रातली सभा लागते.

पण ऑपॉर्च्युनिटीला परत आणायचं नव्हतं. नव्वद दिवसांसाठी पाठवलेलं यंत्र चौदा वर्षं चाललं आणि धुळीच्या वादळात बंद पडलं तेव्हा कुणाच्या घरी रडारड झाली नाही. जिथे परतीची सोय वजनात बसत नाही तिथे यंत्र. जिथे माणूस आठवड्याभरात घरी येऊ शकतो आणि काम अंदाजाचं, हाताचं आहे तिथे माणूस. हबल दुर्बीण १९९३ ते २००९ मध्ये पाच वेळा अंतराळवीरांनी दुरुस्त केली, कारण ती जवळ आहे. जेम्स वेब दुर्बीण १५ लाख किमीवर, तिथे कुणी जाणार नाही असं धरूनच ती बांधली.

मंगळावरचा रोव्हर इथून रिमोटने चालवतात का?

अंतर कमी-जास्त होतं त्याप्रमाणे संदेश एकीकडून दुसरीकडे जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. खड्डा दिसला आणि ब्रेक दाबला तरी रोव्हर कधीच त्यात गेलेला असेल. म्हणून दिवसाची सगळी कामं एकदाच लिहून पाठवतात, मधलं रोव्हर स्वतः बघतो. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, त्यामुळे मोहिमेच्या सुरुवातीला अभियंत्यांची पाळी रोज चाळीस मिनिटं पुढे सरकते. मंगळ सूर्याच्या मागे गेला की साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणंच थांबतं.

बिघाड साधेच असतात. स्पिरिट रोव्हर २००९ मध्ये मऊ मातीत रुतला. क्युरिऑसिटी रोव्हरच्या ॲल्युमिनियमच्या चाकांची कातडी पाऊण मिलिमीटरची, टोकदार दगडांनी तिला भोकं पडली. एका जागी उभ्या इनसाइट यानाच्या सौर पट्ट्या धुळीने झाकल्या. इनजेन्युइटी हेलिकॉप्टर ७२ उड्डाणांनंतर जानेवारी २०२४ मध्ये थांबलं. खाली सपाट वाळू होती, कॅमेऱ्याला ओळखीच्या खुणा सापडल्या नाहीत, उतरताना पाती मोडली. पर्सिव्हिअरन्स रोव्हरला धुळीची भीती नाही, कारण त्यात ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइडची बॅटरी आहे. सुरुवातीला ती ११० वॅट देत होती.

मंगळावर माणूस पाठवायला एवढं अडतं कुठे?

आधी किरणोत्सार. प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणारा किरणोत्सार मोजायचं एकक), मंगळावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर. जाऊन-राहून-येऊन जवळपास १,००० मिलिसिव्हर्ट होतात. पृथ्वीवर निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतात.

मग वजन. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. चार जण, ९०० दिवस, म्हणजे तीन टन, फक्त श्वासासाठी. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला, पण सोळा वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. तत्त्व सिद्ध झालं, कारखाना बाकी आहे.

आणि उतरणं, जे लोकांच्या डोक्यात येत नाही. मंगळाच्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, पॅराशूट पुरत नाही. आजवर उतरवलेलं सर्वात जड यान टनाच्या आसपासचं. माणसांसाठी वीस टनांच्या पुढे लागेल. शिवाय जाण्याची खिडकी २६ महिन्यांतून एकदाच उघडते, तिथे काही मोडलं तर सुटा भाग पुढच्या खिडकीत येणार.

गगनयानात नक्की काय होणार?

इस्रोच्या मूळ आराखड्याप्रमाणे तिघांना ४०० किमीच्या कक्षेत तीन दिवस ठेवून समुद्रात उतरवणं. त्याआधी मानवरहित उड्डाणं, पहिल्यात 'व्योममित्र' हा मानवाकृती यंत्रमानव. प्रशिक्षित चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली: प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक.

कठीण भाग सुटकेचा आहे. एलव्हीएम-३ च्या बाजूच्या दोन बूस्टरमध्ये प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधन असतं आणि ते एकदा पेटलं की बंद करता येत नाही. म्हणून टोकावर वेगळं सुटका रॉकेट बसवतात, ते माणसांची कुपी खेचून दूर नेतं. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याची चाचणी झाली. सुमारे १२ किमीवर कुपी सुटली, १७ किमीपर्यंत गेली आणि श्रीहरिकोटापासून १० किमीवर समुद्रात उतरली. त्या दिवशी उलटमोजणी शेवटच्या ५ सेकंदांवर संगणकाने थांबवली होती. लोक हसले, पण माणसं बसणार असतील तर यंत्रणेने असंच वागायला हवं.

कुपीला दहा पॅराशूट असतात: झाकण काढायला दोन, वेग मोडून स्थिर करायला दोन, मोठी ओढून काढायला तीन आणि शेवटची तीन मोठी. मोठ्यांपैकी दोन उघडली तरी सुखरूप उतरता येतं. एकच प्रचंड पॅराशूट का नाही? सुरुवातीच्या वेगात ते फाटेल.

शुभांशु शुक्ला वर काय करत होते?

२५ जून २०२५ ला ॲक्सिअम-४ मोहिमेतून गेले, १५ जुलैला परतले. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएत सॅल्यूट-७ वर गेले होते, त्यानंतर पृथ्वीच्या कक्षेत गेलेले हे पहिले भारतीय, आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावरचे पहिलेच. इस्रोच्या सात प्रयोगांत मूग आणि मेथीला मोड आणणं, सूक्ष्म शैवाल वाढवणं, स्नायूंच्या पेशींचा अभ्यास अशी कामं होती. बी रुजलं तरी मूळ 'खाली' कुठे जाणार, पाणी कणाला चिकटून राहतं ते मुळापर्यंत कसं न्यायचं, हे खरे प्रश्न आहेत. त्याच वर्षी जानेवारीत इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर माणसाशिवाय चवळीला कोंब आणले होते. नुसता कोंब आणायला यंत्र पुरलं.

त्यांचं उड्डाण अनेकदा लांबलं. एका वेळी कारण होतं रॉकेटमधली द्रव ऑक्सिजनची गळती.

स्थानकावर पाणी, व्यायाम, आजारपण कसं?

लघवी, घाम आणि श्वासातल्या बाष्पापासून स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवलं जातं. व्यायाम रोज सुमारे दोन तास, पट्ट्यांनी बांधून घेऊन. तो नसेल तर हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते.

स्थानकाबाहेर पडणं अजून जोखमीचं. सूटमध्ये दाब पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आणि शुद्ध ऑक्सिजन, म्हणून आधी रक्तातला नायट्रोजन घालवावा लागतो, नाहीतर तो बुडबुड्यांसारखा बाहेर येतो. १६ जुलै २०१३ ला इटलीचे अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये दीड लिटरच्या आसपास पाणी शिरलं. थंडाव्याच्या यंत्रणेतला पंखा-विभाजक घाणीने तुंबला होता. वजनरहित अवस्थेत ते नाकातोंडाला चिकटून बसलं आणि त्यांना चाचपडत आत यावं लागलं.

व्हॉयेजरचा आवाज अजून येतो कसा?

नासाने १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ यान आज सुमारे २,५०० कोटी किमीवर आहे, संदेश यायला २३ तासांहून जास्त लागतात. त्याचा ट्रान्समीटर जेमतेम २३ वॅटचा. चालतं ते पृथ्वीवरच्या ७० मीटर व्यासाच्या थाळ्यांमुळे आणि माहिती फार सावकाश, सेकंदाला १६० बिट पाठवल्यामुळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या संगणकातली एक चिप मेली. अभियंत्यांनी तिथला कोड तुकडे करून दुसऱ्या जागी हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजण्यासारखं बोलू लागलं. वीज दरवर्षी सुमारे ४ वॅटने घटते, म्हणून एकेक उपकरण बंद करत नेतात.

असे मोठे थाळे आपल्याजवळ बघायला मिळतात का?

इस्रोचा ३२ मीटरचा थाळा बेंगळुरूजवळ ब्यालालूला आहे, तो दूर पडतो. पण नारायणगावजवळ खोडद आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस थाळ्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरताना त्याचा सिग्नल याच दुर्बिणीने पकडला होता, तो मध्येच थांबला तेही इथेच कळलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बीण लोकांसाठी खुली असते. नाशिक-संगमनेर मार्गे शाळेची बस पहाटे निघाली पाहिजे. परिसरात मोबाईल बंद ठेवावा लागतो, हे मुलांना आधीच सांगा.

इस्रोत जायला अभियांत्रिकीच लागते का?

नाही, आणि हे गावाकडे पुरेसं पोचलेलं नाही. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठी टेक्निशियन-बी ही पदं असतात: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स. पदविका प्रथम श्रेणीत असेल तर टेक्निकल असिस्टंट. प्रज्ञानची चाकं आणि रॉकेटच्या टाक्यांचे वेल्ड अशाच हातांतून जातात. पदवीसाठी तिरुवनंतपुरमची आयआयएसटी आहे, तिथे जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' कार्यक्रम असतो. आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड यांना वजन, ग्रामीण शाळेला जास्तीचे गुण. अर्ज फक्त ऑनलाइन भरता येतो आणि मुदत थोडी असते. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला आणि आठवीची गुणपत्रिका स्कॅन करून तयार ठेवा, बरेच अर्ज तिथेच अडकतात.